अमेरिकन फुटबॉलमधला डिफेन्सवाला कसा बघायचा (कबड्डी-कुस्तीवाल्यांसाठी)

आधीच सांगतो, हे फुटबॉल म्हणजे आपल्या बेळगावच्या कॅम्पात पोरं खेळतात ते नव्हे. अंड्यासारखा बॉल, डोक्याला हेल्मेट, खांद्यावर पॅड आणि दर पाच-सहा सेकंदाला खेळ थांबतोय. माझा मामेभाऊ ह्यूस्टनला असतोय, त्यानं एकदा येताना तिथल्या टेक्सन्स टीमची ९९ नंबरची जर्सी आणलेली. दोन वर्षं मी ती घालून खडेबाजारात फिरलो आणि ९९ म्हणजे कोण हे मलाच माहीत नाही. शेवटी गल्लीतल्या एका बारक्यानं विचारलं, काका हा कोण, तेव्हा लाज वाटली आणि बघायला बसलो.

पहिले तीन रविवार काय म्हणजे काय कळलं नाही. का, तर मी बॉल बघत होतो. सगळे हेच करतात. टीव्हीवाला कॅमेरापण बॉलच्याच मागं पळतोय, त्यामुळं आपली नजर आपोआप तिकडं जाते. पण डिफेन्सवाला बघायचा असेल तर बॉल सोडायचा. मी स्वतः गावच्या टीमला आठ वर्षं डावा कोपरा खेळलो, तरी हे लक्षात यायला तीन आठवडे गेले याचं मला अजून वाईट वाटतंय, कारण कोपऱ्याला उभारलेला माणूस चढाईवाल्याचं तोंड कधीच बघत नाही, पाय बघतो. इथंपण तेच.

नियम थोडक्यात, जास्त डोकं लावू नका. दोन्हीकडं ११-११ जण. ज्याच्याकडं बॉल त्याला चार प्रयत्न, चारमध्ये १० यार्ड पुढं जायचं, गेला की परत चार. १० यार्ड म्हणजे नऊ मीटरच्या जरा वर, आपल्या पुरुषांच्या कबड्डी मैदानाची रुंदी १० मीटर असते, तेवढ्या जागेसाठी ही सगळी मारामारी. डिफेन्सचं काम एकच, तेवढं जाऊ द्यायचं नाही. बाकीचे नियम बघता बघता येतात.

आता उभारतात कसे ते बघा. सगळ्यात पुढं हात टेकून बसलेले चार (कधी तीन) ते डिफेन्सिव्ह लाइन, मधले दोघं टॅकल, कडेचे दोघं एंड. मधले म्हणजे पक्के हेवीवेट, काही तर १५० किलोच्या आसपास. त्यांच्या मागं लाइनबॅकर, ते मोकळे, कुठंपण जातील. कडेला पळणाऱ्यांवर चिकटलेले कॉर्नरबॅक, आणि एकदम मागं सेफ्टी, म्हणजे सगळे फसले की हा वाचवणार. कबड्डीवाल्यांनो, कॉर्नर म्हणजे कॉर्नरच, नावपण तेच हाय की, आणि सेफ्टीला कव्हर समजा, अगदी बरोबर बसत नाही पण चालतंय.

प्रत्येक खेळीला एकच माणूस धरा. मी पहिल्यांदा एंडच धरला, कारण कुस्ती बघितलेल्याला तो लगेच कळतो. बॉल हलला की समोरचा १४० किलोचा गडी त्याला अडवायला येतो, आणि याच्याकडं वेळ किती, तर अडीच-तीन सेकंद, कारण तेवढ्यात क्वार्टरबॅक (त्यांचा बॉल फेकणारा) बॉल फेकून मोकळा होतो. आनंदवाडीच्या आखाड्यात दोघं नुसती खडाखडी करत पाच पाच मिनिटं घालवतात आणि लोक शिट्ट्या मारतात, इथं ती खडाखडी तीन सेकंदात संपवून माणूस पाडायचा. हात बघा त्यांचे. एक हात समोरच्याच्या डोक्यावरनं पोहल्यासारखा टाकून बाजूनं निघतात त्याला स्विम म्हणतात, खालनं बगलेतनं वर उचलत घुसतात ते रिप, आपल्या बगलडूबची आठवण होईल, आणि काहीच नाही जमलं तर सरळ छातीत घुसून मागं ढकलत न्यायचं ते बुल रश. वस्ताद सांगतात ना, जो खाली तो भारी, तिकडचे कोचपण शब्दाशब्दाला हेच ओरडतात. उंच माणूस सरळ उभा राहिला की संपला.

याच्यात ॲरन डोनाल्डचं बघाच. रॅम्सचा मधला टॅकल, उंची ६ फूट १ इंच, त्या जागेला हे कमी, ड्राफ्टच्या वेळी (टीमा नवीन पोरं निवडतात तो) लोक म्हणत होते बारका आहे. २०१४ ला १३ व्या नंबरला घेतला. दहा सीझन खेळला आणि दहाच्या दहा वेळा प्रो बोलला, म्हणजे सीझनमधल्या भारी खेळाडूंच्यात, निवडला गेला, २०१७, २०१८ आणि २०२० ला डिफेन्सचा बेस्ट प्लेअर. हाताचा वेग वाढवायला हा नकली चाकू घेतलेल्या ट्रेनरसमोर प्रॅक्टिस करायचा, चाकू येतोय तसा हात झटकायचा. हे घरात करू नका. मी लाटणं घेऊन बायकोला सांगितलेलं मार म्हणून, तिनं खरंच मारलं.

आता आकडे. इथं सगळे फसतात, मीपण फसलेलो.

क्वार्टरबॅकला बॉल फेकायच्या आधी, खेळी सुरू होते त्या लाइनीच्या मागंच पाडला तर त्याला सॅक म्हणतात. दोघांनी मिळून पाडलं तर अर्धा अर्धा, म्हणून २०.५ असले आकडे दिसतात, कबड्डीत असली वाटणी नसते, तिथं पॉइंट ज्यानं पहिला पाय धरला त्याला आणि भांडण बाकीच्यांना. आता गंमत अशी की सॅक अधिकृत मोजायला सुरू झाले १९८२ पासनं. डीकन जोन्स म्हणून एक होता, सॅक हा शब्दच त्यानं रूढ केला, पण तो १९७४ लाच थांबलेला, त्यामुळं त्याच्या नावावर अधिकृत सॅक शून्य. लॉरेन्स टेलरचं पहिलं वर्ष १९८१, त्या वर्षीचे साडेनऊ वहीत नाहीत. म्हणजे नुसता तक्ता बघून कोण मोठा ठरवायला गेलात की गडबड. ब्रूस स्मिथचे २०० आहेत, सगळ्यात जास्त, पण तो १९ सीझन खेळला. डोनाल्डचे १११, दहा सीझनमध्ये, तेपण मधनं, जिथं दोन दोन जण अंगावर घेऊन खेळावं लागतंय. कोण मोठा ते तुम्हीच सांगा. माझ्या मित्राशी माझं यावर भांडण सुरूच हाय.

आणि खरी मेख ही पुढं. सगळ्यात भारी डिफेन्सवाल्याच्या नावावर कधी कधी काहीच दिसत नाही. डॅरेल रेव्हिस घ्या, न्यूयॉर्क जेट्सचा कॉर्नरबॅक. समोरच्याचा सगळ्यात भारी पळणारा याच्याकडं द्यायचे आणि मागं मदतीला कोण ठेवायचे नाहीत, लोक त्याला रेव्हिस आयलंड म्हणायचे, म्हणजे बेटावर एकटे दोघं, वाचला तर वाचला. २००९ ला तर क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला बघायचेच नाहीत. आता फेकणारच नाही म्हटल्यावर झेलणार काय? अख्ख्या करिअरला इंटरसेप्शन (समोरच्यानं फेकलेला बॉल मधेच झेलणं) २९. पॉल क्राउस म्हणून जुना सेफ्टी होता त्याचे ८१ आहेत. तरी रेव्हिस २०२३ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला, पहिल्याच झटक्यात. आमच्या टीममध्ये उजव्या कोपऱ्याला एक होता, त्याच्याकडं चढाईवाला जायचाच नाही, सगळे माझ्याकडं यायचे, पकडी माझ्या जास्त आणि बक्षीसपण मलाच मिळायचं. तेव्हा मला वाटायचं मी भारी. रेव्हिस बघितल्यावर कळलं काय चाललेलं ते. पकडी मोजताना कुणी ते मोजतच नाही की रेडर कुठल्या बाजूला गेलाच नाही. प्रो कबड्डीत फजल अत्राचलीला बघा, डावा कोपरा, नवीन पोरं रेड टाकताना त्या बाजूला पाय टाकायच्या आधी दोनदा विचार करतात. (आमच्याकडं अर्धी गल्ली पुण्याची, अर्धी बेंगळुरूची, दोन घरं यू मुंबाची, त्यामुळं फजल पुण्यात आला त्या वर्षी शांतता होती थोडी.)

म्हणून बघताना हे करा: कॉर्नरबॅकच्या बाजूला किती वेळा बॉल आलाच नाही ते मोजा. एंडला अडवायला दोघं आले का बघा, दोघं आले म्हणजे दुसरीकडं एक माणूस मोकळा झाला, सॅक दुसऱ्याच्या नावावर पण काम याचं. मी जुनी उधारीची वही घेतली आणि उलट्या बाजूनं हे लिहायला लागलो, दोन रकाने, दिसलेलं आणि न दिसलेलं. दुसरा रकाना भरायला दीड महिना लागला पण एकदा भरायला लागला की मॅच वेगळीच दिसते, बॉल कुठंय ते आठवतपण नाही.

आता ९९ नंबर. जे. जे. वॉट. एका डिफेन्सवाल्याचं अख्खं करिअर समजून घ्यायचं असेल तर हा धरा, कारण याच्यात सगळं आहे, वर जाणं, तुटणं, परत येणं.

विस्कॉन्सिनचा पोरगा. कॉलेजला आधी दुसरीकडं गेलेला, तिथं बॉल झेलणाऱ्या जागेवर खेळवत होते, जमलं नाही, सोडून आला, स्कॉलरशिप नाही, मधल्या काळात पिझ्झा डिलिव्हरी करायचा. मग विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीत स्वतःच्या खर्चानं टीममध्ये घुसला, याला तिकडं वॉक-ऑन म्हणतात. २०११ च्या ड्राफ्टला टेक्सन्सनं ११ व्या नंबरला घेतला तर ह्यूस्टनच्या काही लोकांनी हुर्यो केली. ड्राफ्ट म्हणजे दर एप्रिलला होतो, ३२ टीम, सात फेऱ्या, जी टीम सगळ्यात खाली तिला पहिला मान. पुढं तीन वर्षांत हा माणूस डिफेन्सचा राजा झाला. २०१२ ला २०.५ सॅक, २०१४ ला परत २०.५, आणि २०१४ ला वर पाच टचडाऊन (बॉल समोरच्याच्या गोललाइनीपलीकडं नेणं), त्यातले तीन तर ऑफेन्सला उभारून बॉल झेलून. डिफेन्सचा बेस्ट प्लेअर तीनदा, २०१२, २०१४, २०१५. तीनदा मिळवणारे फक्त टेलर, वॉट आणि डोनाल्ड. हात वर करून बॉल अडवायचा म्हणून त्याला जे. जे. स्वॉट म्हणायचे.

मग शरीर. २०१६ ला पाठ गेली, तीन मॅचनंतर बाहेर, ऑपरेशन. २०१७ ऑगस्टला ह्यूस्टनला हार्वी वादळ आलं, अख्खं शहर पाण्यात, यानं दोन लाख डॉलर गोळा करूया म्हणून सुरुवात केली आणि ३ कोटी ७० लाखांच्या वर जमले. (२०१९ ला आपल्याकडं कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्या एकदम चढल्या तेव्हा मामेभावानं फोनवर हीच गोष्ट सांगितलेली.) आणि त्याच वर्षी ऑक्टोबरला पाचव्या मॅचमध्ये गुडघ्याखालचं हाड मोडलं. लोक म्हणाले संपला. २०१८ ला आला आणि १६ सॅक. २०१९ ला छातीचा स्नायू फाटला, तरी जानेवारीत प्लेऑफला उभारला. २०२१ ला ॲरिझोनाला गेला, खांदा गेला. २०२२ ला हृदयाचे ठोके बिघडले, शॉक देऊन ताळ्यावर आणले आणि त्याच रविवारी खेळला, हे मला पटलेलं नाही, तिकडं सगळ्यांनी कौतुक केलं पण घरात बायको गरोदर असताना असलं करू नये असं माझं मत. तो सीझन १२.५ सॅक करून थांबला. एकूण ११४.५, १५१ मॅच. चांगलं चाललेलं असताना थांबला, हे आपल्याकडच्या पैलवानांना जमत नाही.

मला हे करिअर एवढं का पाठ आहे, तर माझापण गुडघा गेलाय. जत्रेतल्या एका स्पर्धेत, आयोजकांनी मैदानावर पाणीच मारलं नव्हतं, माती दगडासारखी, पाय अडकला आणि अंग फिरलं. मॅच थांबली नाही, दोघांनी उचलून कडेला ठेवलं आणि पुढची चढाई सुरू. चोळून घ्या म्हणाले, मी चोळून घेतलं आणि तीन आठवड्यांनी परत उभारलो. तिथंच वाट लागली. त्यामुळं कुणाचंपण करिअर वाचताना मी पहिला दुखापतीचा रकाना बघतो, सॅक नंतर. किती मॅच चुकल्या, कुठलं हाड, परत आल्यावर वेग किती. रेव्हिसचापण २०१२ ला गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला, त्यानंतरचा रेव्हिस वेगळा वाचायचा.

डोक्याचं तर वेगळंच. ज्युनिअर सेऊ म्हणून लाइनबॅकर होता, २० सीझन खेळला, २०१२ ला त्यानं आत्महत्या केली, नंतर मेंदू तपासला तर वारंवार मार बसून होणारा सीटीई नावाचा आजार निघाला. त्यामुळं जोरदार धडक बसली की टाळ्या वाजवायची सवय माझी गेली, आधी दोघं उठले का ते बघतो.

पैशाचं जरा. बातमीत येतं सहा वर्षं, १० कोटी डॉलर, वॉटला २०१४ ला असलाच करार मिळालेला. पण या लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, वरचा आकडा सगळा मिळेल असं नसतंय, गॅरंटीड किती ते बघायचं, त्याच्या करारात ते निम्म्याच्या आसपास होतं. बाकीचे पैसे टीमनं ठेवला तर. कुस्तीच्या पोस्टरवर इनाम पाच लाख लिहितात आणि हातात काय येतं ते पैलवानालाच माहीत, तसलंच. ड्राफ्टमधनं आलेल्याचा पहिला करार चार वर्षांचा, त्यात पैसे ठरलेले, त्यामुळं खरी कमाई दुसऱ्या करारावर, आणि तोपर्यंत अंग टिकलं पाहिजे. हे कळलं की पोरं चौथ्या वर्षी जीव तोडून का खेळतात ते कळतं.

ड्राफ्टमध्ये नाव नाही आलं तरी संपत नाही. जेम्स हॅरिसन, स्टीलर्सचा, २००२ ला कुणीच घेतला नाही, ठेवला, काढला, परत ठेवला, परत काढला. २००८ ला डिफेन्सचा बेस्ट प्लेअर, आणि त्या सीझनच्या सुपर बोलमध्ये (लीगची फायनल) स्वतःच्या गोललाइनजवळ बॉल झेलून १०० यार्ड पळत टचडाऊन. तेवढी एक खेळी शोधून बघा, बाकी काही नाही बघितलं तरी चालेल. पळून झाल्यावर तो उताणा पडलाय, ऑक्सिजन लावलाय.

मग आपल्या पोरांचं काय, हे सगळे विचारतात. खरं बोलायचं तर त्या लीगपर्यंतची वाट लांब आहे, पण बंद नाही. घानाचा झिगी अँसा अमेरिकेत कॉलेजला गेला, २०१० पर्यंत हा खेळ तो कधी खेळला नव्हता, २०१३ ला ड्राफ्टमध्ये पाचवा. एफे ओबाडा नायजेरियात जन्मला, लहानपणी लंडनला आला, रस्त्यावर दिवस काढले, गोदामात काम केलं, विशीत हा खेळ सुरू केला आणि २०१८ ला कॅरोलिनाकडनं डिफेन्सिव्ह एंड. परदेशी पोरांसाठी लीगचा एक कार्यक्रम २०१७ ला सुरू झाला त्यातनं हा गेला. ब्रँडन चिलार, वडील भारतीय, पॅकर्सचा लाइनबॅकर, आपल्याकडं या खेळाची लीग काढायच्या खटपटीतपण होता. त्या लीगमध्ये पुणे मराठाज म्हणून टीमसुद्धा होती आणि मॅच झाल्या कोलंबोत, घ्या.

आपल्या कामाचं म्हणजे फ्लॅग फुटबॉल, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला आहे. यात पाडायचं नाही, कमरेला खोचलेली पट्टी ओढायची, ओढली की खेळी संपली. एका बाजूला पाच जण. म्हणजे हेल्मेट नको, पॅड नको, डोकं शाबूत. डिफेन्समधला बहुतेकदा एक जण रशर, तो सात यार्ड मागं उभारतो आणि बॉल हलला की सरळ क्वार्टरबॅकवर, बाकीचे चौघं झेलणाऱ्यांना चिकटून राहतात. कबड्डीवाल्याला हे हातचं आहे, कारण पट्टी ओढायला नजर कमरेवर लागते, खांदा फसवतो, डोळे फसवतात, कंबर फसवत नाही. पोरं सुरुवातीला हात लांब करून पट्टी झपाटायला जातात आणि तोंडावर आपटतात. आधी पाय जवळ न्यायचे, बुटके व्हायचं, मग हात. आणि दोन्ही हातांनी माणूस धरायचा नाही, सवयीनं धरताय, फाऊल आहे.

आम्ही रविवारी सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सहा-सात जण जमतो. रविवारी रात्री मॅच असते, आपल्याकडं ऑक्टोबरपर्यंत साडेदहाला आणि नोव्हेंबरपासनं साडेअकराला सुरू, त्यामुळं सोमवारी कोण येत नाही. बॉल मामेभावानं पाठवलाय, एकच आहे, पावसात नेत नाही. मोजायला क्रिकेटची पिच घ्यायची, २२ यार्ड तयार असते, सात यार्ड म्हणजे तिचा तिसरा हिस्सा धरा. पट्ट्या वडगावातल्या विणकरांकडनं काठाचं उरलेलं कापड आणून कापल्या, दोन बोटं रुंद, हातभर लांब, दोन्ही कुशीला एक एक. पट्टी नुसती खोचायची, गाठ मारायची नाही. गेल्या महिन्यात एकानं नाडीलाच गाठ मारलेली, कुणाला सांगितलं नव्हतं, आमच्या रशरनं मनापासनं ओढली आणि त्या बाजूला कॉलेजच्या पोरी चालायला आलेल्या. तो अजून परत आलेला नाही, एक माणूस कमी पडतोय.